आभाराच्या चादरी

नोएला देविस्पेलारला टाळ्या सहन होत नसत. कुणाला कुत्र्याचं भुंकणं सहन होत नाही, कुणाला ताटलीवर सुरी घासलेली, हिला टाळ्या. लग्न असो, शाळेतलं नाटक असो, पाद्रीबुवांची पंचाहत्तरी असो, सगळे टाळ्या वाजवायला लागले की ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं, "टाळ्या वाजल्या की समजावं, पदरात काही पडणार नाही."

हे शहाणपण गालिच्यांच्या गिरणीतलं होतं. तिच्या बापानं लाय नदीच्या पाण्यात धाग्यासाठी जवसाच्या पेंढ्या भिजवता भिजवता कंबर घालवली, आणि पोरीला तरी कोरडं काम मिळावं म्हणून गिरणीत चिकटवलं. तिथं तिनं ऐन उमेदीची वर्षं काढली. गिरणी बंद झाली त्या दिवशी मालकानं सगळ्यांना मोठ्या दालनात उभं केलं, तुम्ही या गिरणीचं काळीज आहात असं सांगितलं, आणि कचेरीतल्या लोकांनी मजुरांसाठी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला निरोपाची भेट म्हणून एकेक पायपुसणं दिलं. सोमवारी फाटकाला कुलूप. ते पायपुसणं नोएलानं कॅनरीच्या पिंजऱ्याखाली घातलं, आणि पक्षी मेला तेव्हा नवा पक्षी आणला, पण पायपुसणं बदललं नाही.

चाळिशीत तिनं म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायचं शिक्षण घेतलं आणि आमच्या मार्केबेकेच्या वृद्धाश्रमात आली. मी तिथं धुलाईखात्यात होते. आमची दोस्ती झाली ती धुलाईच्या मागच्या दारात, जिथं भिंतीतून वाफ बाहेर येते आणि हिवाळ्यात सिगारेट ओढायला बरं पडतं.

मी तिच्यावर लिहायला बसले म्हणून ती कुणी साध्वी होती असं समजू नका. ती शिव्या द्यायची. म्हाताऱ्यांशी पत्ते खेळताना लबाडी करायची आणि पकडली गेली की त्यांच्याच विसरभोळेपणावर ढकलायची. गुडघे कामातून गेलेले, आवाज खडबडीत, अंगाला तंबाखूचा वास. पण घास भरवावा तर तिनंच. ती कधी उभ्यानं भरवत नसे. स्टूल ओढायची, गुडघ्याला गुडघा लावून बसायची, आणि पहिला घास खाली उतरल्याशिवाय दुसरा उचलायची नाही. नव्या पोरी घाई करायला लागल्या की म्हणायची, "अगं, ती पत्र टाकायची पेटी नाही, माणसाचं तोंड आहे."

तळमजल्याच्या कॉरिडॉरच्या टोकाला ओमेर बाउकार्ट राहायचा. सायकली दुरुस्त करणारा माणूस. गावात नव्वदीच्या घरातला एकही माणूस नसेल ज्याची साखळी त्यानं चढवली नसेल. झटका आल्यापासून उजवा हात लुळा होता, डावा थरथरायचा, आणि मन कुठल्या सालात आहे याचा भरवसा नसायचा. त्याची बायको अलिडा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो मात्र ती बाजारातून अजून आली नाही अशा तऱ्हेनं दाराकडं बघायचा. खाण्यात एकच गोष्ट चाले, ताकातल्या कण्या, वर तांबूस साखर. नोएला त्याला रोज ते भरवायची आणि रोज भांडायची. "ओमेर, तुम्ही माणूस आहात की वासरू?" तो म्हणायचा, "वासरू," आणि तोंड उघडायचा.

त्याची मुलगी कारीन. चौकात तिचं चष्म्याचं दुकान. दर रविवारी ती सफरचंदाचा केक घेऊन यायची, कॉफी संपेपर्यंत बसायची, बाबांच्या शर्टावरचे डाग मोजल्यासारखे बघायची आणि ते माझ्या नावावर मांडून जायची. वाईट बाई नव्हती. आमच्याकडं वाईट माणसं फार थोडी आहेत. व्यवस्थित माणसं भरपूर आहेत.

मग साथीचा तो मार्च आला आणि दारं बंद झाली.

पहिल्यांदा काय आलं सांगू? मास्क नाही, झगे नाहीत. फलक आला. लांबलचक, छापील, दर्शनी भिंतीवर लावायला: "इथं वीर काम करतात." आमचे मॅनेजर स्टेफान साहेब, टाय आणि खाली पांढरे बूट घालणारे, शिडीवर चढून स्वतः दोऱ्या बांधत होते. नोएलानं खालून विचारलं, हे मेणकापड आहे का, कारण असेल तर कापून अंगात घालता येईल. साहेब हसले. तिनं चेष्टा केली नव्हती.

ताप आमच्या कॉरिडॉरमध्ये शिरला तेव्हा नियम निघाला. ज्या खोलीत ताप, त्या खोलीत झग्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. झगा प्रत्येक खोलीला वेगळा, आणि एकदा घातला की धुवायला. झगे संपले होते. नव्यांची खोकी "रस्त्यात" होती. रोज सकाळी साहेब सांगायचे की खोकी रस्त्यात आहेत, आणि त्या दिवसांत रस्ते तर इतके रिकामे होते की त्यावर चेंडू खेळता आला असता. तोवर जेवणाची थाळी दाराच्या आत स्टुलावर ठेवायची आणि मागं फिरायचं.

ओमेरला ताप होता. त्याची थाळी जशी जायची तशी परत यायची. नोएला दारातून ओरडायची, ओमेर, चमचा उचला, डाव्या हातात धरा. तो तिच्याकडं बघायचा, वाटीकडं बघायचा. एकदा उठायला गेला आणि वाटी पालथी झाली. ते चादरीवरचं ताक मी धुतलं, म्हणून मला माहीत आहे की त्यातला थेंबही पोटात गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती कचऱ्याची काळी पिशवी डोक्यातून घालून आत गेली आणि त्याला भरवून आली. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. पुन्हा असं केलंत तर घरी पाठवेन म्हणाले, आणि कारणही सांगितलं: पिशवीला बाह्या नाहीत, त्या उघड्या हातांनी तुम्ही शेजारच्या खोलीत जाणार, तिथं सेसिलबाई आहेत, त्यांची फुप्फुसं आधीच अर्धी आहेत.

ती वाफेजवळ आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. "मूर्खासारखं बोलला असता तर शिव्या घालता आल्या असत्या," म्हणाली. "मेला शहाण्यासारखं बोलला." मग बराच वेळ सिगारेट न ओढता नुसती धरून उभी राहिली. "रोझेट, तो तापानं मरायचा नाही. ताप उतरतोय त्याचा. तो त्या वाटीकडं बघत बघत मरेल."

याच आठवड्यात गावात चादरींची लाट आली. शुश्रूषा करणाऱ्यांचे आभार मानायला खिडकीतून पांढरी चादर सोडायची, असं कुणीतरी काढलं आणि देशभर पसरलं. आमच्या लोकांना एक वेळ देव नसला तरी चालतं, पण शेजारी लागतो. एकानं चादर लावली की दुसऱ्यानं तिच्यापेक्षा पांढरी लावायची, तिसऱ्यानं इस्त्री करून. दोन दिवसांत चौक असा झाला की जणू अख्ख्या गावानं एकदम अंथरूण ओलं केलं आहे. कारीनच्या दुकानावर सगळ्यांत मोठी होती: जुनं जाड लिनन, खाली कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेली दोन अक्षरं. ए आणि एस. अलिडा सिऑन, माहेरचं नाव. लग्नाआधी अलिडानं स्वतः भरलेली. वर्तमानपत्रात फोटो आला तो त्याच चादरीचा, पुढं कारीन, हात छातीवर.

नोएला कामावर येताना सायकलवरून चौक ओलांडायची. त्या सकाळी ती धुलाईत शिरली तीच पेटून. "डोळे फुटलेत का गं आपले? झगे तिथं टांगलेत आणि आपण रस्त्याकडं बघतोय."

माझ्याकडं शिवणयंत्र होतं. म्हाताऱ्यांच्या कपड्यांत नावांच्या पट्ट्या शिवायला लागतं. लिनन आणि सुती चादर उकळत्या पाण्यात कितीही वेळा घातली तरी काही होत नाही, ते कागदी झग्यांपेक्षा चांगलंच. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, लांब बाह्यांचा, मागून बांधायचा, नव्वद अंशांत धुता येणारा असेल तर माझी ना नाही. पण कापड तुम्ही आणा.

ती दुपारी दारोदार गेली. आम्हाला वाटलं होतं की हातगाडी भरून येईल. आभारच मानायचेत ना, मग चादर खिडकीतून काढायची आणि हातात द्यायची, किती सोपं. ती काय काय ऐकून आली ते मी दहा वेळा सांगायला लावलं, कारण विश्वास बसत नव्हता. नोटरीची विधवा म्हणाली, तुमच्यासाठीच तर लावलीये हो, आणि दार लावून घेतलं. बेकरीवाला म्हणाला, चादर दिली तर खिडकीत काय लावू? एकीनं पाव दिला. एकीनं जुन्यातल्या शोधून दिल्या: दोन फुलांच्या उशा आणि नातवाची डायनोसॉरची गादीखोळ. त्या खोळीचा मी झगा शिवला. साहेबांनी तो बाजूला ठेवला, गांभीर्य जातं म्हणाले.

कारीनकडं ती शेवटी गेली. कारीन दुकानाच्या दारात आली, दोन पावलं अंतर ठेवून.

"तुमच्या बाबांच्या खोलीत जायला मला झगा हवाय," नोएला म्हणाली. "ती चादर द्या."

"ती आईची आहे. लग्नातली," कारीन म्हणाली. "आणि बाबांसाठीच लावलीये मी ती."

"मीपण बाबांसाठीच मागतेय. ते जेवत नाहीयेत."

कारीनला वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. डोळे भरून आले. पण म्हणाली, "सगळ्या चौकात माझीच खिडकी रिकामी दिसली तर लोक काय म्हणतील? माझे स्वतःचे बाबा तिथं असताना?"

बोलाचीच कढी, बोलाचाच भात म्हणतात. आमच्या गावानं त्यावर इस्त्री केलेली चादर अंथरली होती.

नोएला परत आली, सिगारेट विझवली आणि मला म्हणाली, "आठ वाजता तुझी गाडी घेऊन चल."

आठ वाजता टाळ्या असायच्या. रोज संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, सगळे आपापल्या उंबऱ्यावर येऊन आमच्यासाठी टाळ्या वाजवायचे. कुणी पातेलं बडवायचं. आम्ही दोघी कामाच्या कपड्यांत, धुलाईची मोठी चाकांची गाडी ढकलत, चौकाच्या एका टोकानं शिरलो. टाळ्या वाढल्या. का वाढणार नाहीत? ज्यांच्यासाठी वाजवायच्या त्या प्रत्यक्ष समोर. नोटरीच्या विधवेनं रुमाल हलवला.

नोएला पहिल्या खिडकीशी गेली, चादरीचं टोक धरलं आणि ओढलं. चिमटे टणाटण खाली पडले. तिनं चादर झटकली, दोन घड्या घातल्या, गाडीत टाकली आणि पुढच्या खिडकीकडं वळली.

टाळ्या थांबल्या नाहीत. हीच खरी गंमत. प्रत्येकाला वाटलं की शेजाऱ्याला काहीतरी माहीत असेल, हा कार्यक्रमाचा भाग असेल, नगरपालिकेनं ठरवलं असेल. आणि टाळ्या थांबवणारा पहिला माणूस कोण होणार? वीरांच्या तोंडावर? बेकरीवाल्यानं तर वरच्या खिडकीतून स्वतः दोरी सोडून दिली. त्याच्या बायकोचा चेहरा आंबला होता, पण हात चालू होते. आम्ही एका बाजूनं गेलो आणि दुसऱ्या बाजूनं आलो. मी मान खाली घालून गाडी ढकलत होते. नोएला इतक्या शांतपणे चालली होती, जणू दोरीवरचे वाळलेले कपडे काढते आहे.

कारीनच्या दारात ती थांबली. कारीन एका हातात फोन धरून चित्रण करत होती, त्यामुळं तिला टाळ्याही धड वाजवता येत नव्हत्या. नोएलानं तिच्याकडं पाहिलं, मग चादर ओढली. लिनन जड असतं. ते खाली आलं ते तिच्या खांद्यावरच. ती ते तसंच घेऊन पुढं गेली. मागं कारीनचा फोन अजून वर होता.

मी उजाडेपर्यंत शिवत नव्हते, तशी खोटी वीरश्री मी सांगणार नाही. स्वयंपाकघरातल्या दोघी कापायला आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहिली थप्पी तयार झाली. दरम्यान साहेबांचा फोन वाजायला लागला. पण साहेबही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी सकाळीच वर्तमानपत्राला कळवून टाकलं होतं की मार्केबेकेच्या नागरिकांनी टाळ्यांच्या गजरात आपापल्या चादरी वृद्धाश्रमाला अर्पण केल्या. ते छापून आलं. त्यानंतर चादर परत मागायची म्हणजे आपण अर्पण केली नव्हती असं कबूल करायचं. फोन बंद झाले. त्या माणसाबद्दल मला आयुष्यात एकदाच आदर वाटला तो तेव्हा.

एकच बाई फोन करत राहिली. कारीन. आईची चादर कापू नका, एवढं तरी करा. ती कापून झाली होती.

लाल अक्षरं वाया घालवायची नाहीत म्हणून मी तो तुकडा छातीवर येईल असा बेतला होता. निव्वळ दिसायला बरं म्हणून. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. नोएलानं तो झगा घातला, मास्क, डोळ्यांवर ती काच, टोपी, आणि वाटी घेऊन आत गेली. मी दारात उभी होते.

ओमेर भिंतीकडं तोंड करून पडला होता. गाल आत गेले होते. तिनं स्टूल ओढलं, गुडघा पलंगाला लावला. "ओमेर, मी नोएला. वळा इकडं." त्यानं वळून पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. समोर तोंड नसलेलं, काचेच्या डोळ्यांचं काहीतरी बसलेलं. मीही मिटले असते. तिनं चमचा ओठाला लावला. ताक हनुवटीवरून ओघळलं. तिनं पुसलं, पुन्हा लावला. पुन्हा ओघळलं. नोएलाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्या काचेमागं तेव्हाही दिसलं नाही, पण आवाज फुटला होता. एवढं सगळं करून तो तोंड उघडत नव्हता.

मग त्याचा डावा हात वर आला. थरथरत तिच्या छातीपर्यंत गेला आणि लाल दोऱ्यावर थांबला. एक बोट अक्षरावरून फिरलं, खालून वर, वरून खाली.

"उशीर केलास," तो म्हणाला.

नोएलानं चमचा पुन्हा वाटीत बुडवला. म्हणाली, "हो. गर्दी होती."

"बाजारात?"

"बाजारात. आ कर आता."

त्यानं आ केला.

त्या दिवसापासून ती त्या खोलीपुरती अलिडा झाली, आणि त्याच्याशी अरेतुरे बोलायला लागली. वाटी रोज रिकामी यायची. संसारातली जुनी भांडणंही तिच्या वाट्याला आली. कुठल्या तरी साली कुणा मेकॅनिकशी फार हसून बोलल्याबद्दल त्यानं तिला फैलावर घेतलं आणि तिनं माफी मागितली. मला म्हणाली, "मेलीचा संसार बरा होता गं. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर एवढा संशयसुद्धा कधी घेतला नाही." ताप गेला, अंगावर थोडं मांस आलं.

मे महिन्यात खोकी रस्त्यातून एकदाची आली. निळे प्लास्टिकचे झगे, छताला लागतील एवढे, ताप ओसरल्यावर; झग्याचा नियम मात्र तसाच होता. साहेबांनी फर्मान काढलं की चादरींचे झगे धुऊन मूळ मालकांना आभारपत्रासह परत करा. लोकांना आठवण म्हणून आवडेल. कारीनचा झगा पहिला, कारण ती अजून फोन करत होती.

नोएला निळा झगा घालून ओमेरकडं गेली. ओठ मिटलेले. दोन जेवणं तशीच परत आली. तिसऱ्या जेवणाआधी ती धुलाईत आली, माझी कात्री उचलली आणि मी हां हां म्हणेपर्यंत धुऊन घडी घातलेल्या त्या झग्यातून अक्षरांचा चौकोन कापला. दोन पिना लावून निळ्या प्लास्टिकवर टाचला. "बाकीचं परत कर तिला," म्हणाली. "आभारपत्र छान लिही."

चादर गेली ती बाह्या लागलेली आणि मधोमध भोक पडलेली. दुसऱ्या दिवशी कारीन आली. आत येता येत नव्हतं, तेव्हा बागेतून चालत ओमेरच्या खिडकीशी. सगळा टाळेबंदीचा काळ ती त्या खिडकीशी आली नव्हती. बाबांना काचेतून बघवणार नाही म्हणे. भोक मात्र बघवलं नव्हतं.

जेवणाची वेळ होती. खिडकी वरून थोडी कलती उघडी होती, मी पडदे उतरवायला आत होते. कारीननं काचेवर टकटक केली आणि नोएलाच्या छातीकडं बोट दाखवलं. "ते माझ्या आईचं आहे."

ओमेरनं घास गिळला आणि खिडकीकडं पाहिलं, नीट, बराच वेळ. "ती बाई काय विकतेय?" त्यानं विचारलं.

"बाबा, मी कारीन."

"अलिडा," तो आवाज खाली आणून नोएलाला म्हणाला, "काहीतरी दे तिला आणि वाटेला लाव. जेवताना दारात कुणी उभं असलं की घास उतरत नाही."

मी नोएलाकडं बघितलं. एवढी आयती संधी तिनं आयुष्यात सोडली नव्हती. तिच्या जिभेवर काय काय आलं असेल ते मी तिच्या खांद्यावरून ओळखलं. पण ती म्हणाली, "आपली कारीन आहे ती, ओमेर. तिला भूक लागली असेल." आणि चमचा पुन्हा भरला.

कारीननं चमचा आत जाताना पाहिला. बोट खाली आलं. मग तिनं विचारलं, "रोज एवढं खातात?"

"रोज," नोएला म्हणाली.

त्यानंतर कारीनचा फोन आला नाही. जूनमध्ये घरच्या एका माणसाला आत सोडायला लागले. तोवर टाळ्या कधीच बंद झाल्या होत्या; लोकांचे हात दुखले असतील. पुन्हा सहलीचे बेत सुरू झाले होते, आणि आमचा वीरांचा फलक एका बाजूनं सुटून लोंबत होता.

पहिल्या दिवशी कारीन आली. केक आणला नव्हता. नोएलानं तिला निळा झगा घालायला लावला, मास्क नीट बसवला, हात धुवायला लावले, पुन्हा धुवायला लावले. मग स्वतःच्या छातीवरच्या दोन पिना काढल्या आणि तो लाल अक्षरांचा चौकोन कारीनच्या छातीवर टाचला. वाटी हातात दिली. "बसून भरव. घाई करू नकोस. आणि काही झालं तरी, मी कारीन, असं म्हणू नकोस."

"म्हणजे मी कोण?" कारीननं विचारलं.

"जी जेवू घालते ती," नोएला म्हणाली, आणि सिगारेट ओढायला बाहेर गेली.

मी तिच्या मागोमाग गेले. बागेतून खिडकी दिसत होती. कारीन स्टुलावर बसली होती, गुडघा पलंगाला लावून. ओमेरनं बोट उचलून अक्षरांवरून फिरवलं. तो काय म्हणाला ते काचेतून ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं. कारीननं मान हलवली. पहिला चमचा अर्धा त्याच्या शर्टावर सांडला. दुसरा आत गेला.

नोएलानं सिगारेट ओठात धरली, दोन्ही हात मोकळे केले आणि काचेच्या अगदी जवळ जाऊन टाळ्या वाजवल्या. सावकाश, मोठ्यानं. तिला टाळ्या वाजवताना मी पाहिलं ते तेवढं एकदाच. कारीननं वर पाहिलं. मास्कच्या वर जेवढा चेहरा दिसत होता तेवढा लाल झाला. मग तिनं मान खाली घातली आणि पुढचा चमचा भरला.